दुकानातील संगणकाची आवक-जावक कोण लिहितो?

व्यापारी माणूस वहीवर जगतो. गिऱ्हाइकाची उधारी असो, गोदामातील मालाची आवक-जावक असो की कारागिरांच्या मजुरीचा हिशोब असो, लिहून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि पडूही नये. कुरआन मजीदमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, ही इबादतीच्या तपशिलाची नसून देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे, हे आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊकच आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे.

परंतु गेल्या काही वर्षांत एक विचित्र गोष्ट घडली आहे. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला असो, सोलापूरचा चादरवाला असो की धारावीचा चामड्याचा कारखानदार असो, बहुतेकांच्या वह्या संगणकात गेल्या. जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, बँकेची उलाढाल, डिझाइनचे नमुने, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, सारे त्या एका पेटीत आहे. आणि त्या पेटीत इंटरनेटच्या तारेवरून कोण येते, कोण जाते, किती वाजता येते, काय घेऊन जाते, याची मात्र एका ओळीचीही नोंद कोणी ठेवीत नाही. गोदामाच्या फाटकावर रजिस्टर घेऊन वॉचमन बसविणारा शेठ आपल्या तिजोरीचे मागचे दार सताड उघडे ठेवून घरी जातो, असाच हा प्रकार आहे.

ही नोंद दुकानदाराने स्वतः ठेवली पाहिजे, तिला पैसा लागत नाही, आणि ती न ठेवणे हा यापुढे निव्वळ आळस न राहता धंद्याचा धोका ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे येथे मांडतो.

ही नोंद म्हणजे काय?

संगणक जेव्हा जेव्हा बाहेर बोलतो तेव्हा प्रत्येक वेळी चार गोष्टी ठरलेल्या असतात. आपला पत्ता, समोरच्याचा पत्ता, दोन्हीकडील दरवाज्यांचे क्रमांक, आणि वेळ. संगणकाला ६५ हजारांहून अधिक असे दरवाजे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. इंटरनेटची सुरक्षित पाने ४४३ क्रमांकाच्या दारातून येतात, दुकानातील दोन संगणकांमध्ये फाइलींची देवघेव ४४५ मधून होते, आणि दूर बसून दुसऱ्याचा विंडोज संगणक चालविण्याची सोय ३३८९ वर असते.

कोणत्या दारातून कोण आले-गेले हे लिहून ठेवणे, एवढाच या नोंदीचा अर्थ. पत्रात काय लिहिले आहे ते ती सांगत नाही. लखोट्यावरचा पत्ता, शिक्का आणि वजन मात्र सांगते. आणि पुष्कळ वेळा तेवढेच पुरते. दुकान रात्री नऊला बंद झाले आणि अडीच वाजता ३३८९ च्या दारातून परक्या पत्त्याची तासभर ये-जा झाली, एवढे कळले तर पत्र वाचण्याची गरज काय?

पाऊण डॉलरचा फरक

या विषयातील सर्वांत बोधप्रद घटना हिशोबाच्या फरकातूनच निघालेली आहे. १९८६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळण्याच्या कामावर होते. त्या काळी संगणकाचा वापर मिनिटांवर मोजून त्याचे पैसे आकारले जात. महिन्याच्या हिशोबात ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक पडला. कोणी तरी काही सेकंद संगणक वापरला होता आणि पैसे भरले नव्हते.

आपल्याकडील एखाद्या मुनीमाने ही रक्कम किरकोळ खर्चात टाकून खाते जुळविले असते. स्टोल यांनी तसे केले नाही. त्यांनी इकडून तिकडून छापयंत्रे गोळा केली आणि बाहेरून येणाऱ्या टेलिफोन तारांना जोडली. तारेवरून येणारे प्रत्येक अक्षर कागदावर उमटू लागले. पाहुणा जे जे टंकित करी त्याची प्रत कागदाच्या गुंडाळीवर जमा होई. कित्येक महिन्यांच्या चिकाटीनंतर धागा पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तेथील एक तरुण अमेरिकेच्या लष्करी संगणकांमध्ये शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकणाऱ्या टोळीत होता. १९९० मध्ये त्याला जर्मन न्यायालयाने दोषी ठरविले.

या हकिकतीत व्यापाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, फरक लहान म्हणून सोडून देऊ नये. दुसरी त्याहून महत्त्वाची. स्टोल यांची नोंद संगणकात नव्हती, वेगळ्या यंत्रावर कागदावर होती. त्यामुळे चोराला ती दिसली नाही आणि पुसता आली नाही. पुढे १९८८ मध्ये याच प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीसीपीडम्प नावाची आज्ञा तयार केली. तारेवरून जाणारे-येणारे पुडके टिपणारे हे हत्यार आजही जगभर वापरात आहे, आणि आजही फुकट आहे.

चोर आधी वही फाडतो

४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांतून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठविण्याचे ३५ खोटे हुकूम गेले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले आणि त्यांतील बहुतांश गायब झाले. श्रीलंकेला गेलेले २ कोटी डॉलर परत मिळाले, तेही हुकुमात एका शब्दाचे स्पेलिंग चुकल्याने मधल्या बँकेला संशय आला म्हणून.

या बँकेत पैशाच्या प्रत्येक हुकुमाची प्रत आपोआप कागदावर छापणारे यंत्र होते. चोरांनी पहिला घाला त्यावरच घातला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, छापयंत्र बंद पडलेले आढळले. असे बिघाड नेहमीचेच, असे समजून कर्मचाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही. तेवढ्यात सुट्टीचे दिवस गेले. पुढे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांनी सांगितले की बँकेत फायरवॉल नव्हती आणि संगणक जोडण्यासाठी जुन्या बाजारातील दहा डॉलर किमतीचे स्विच वापरलेले होते. ज्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने दहा डॉलरमध्ये काटकसर केली त्या देशाचे आठ कोटी डॉलर गेले!

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या पुण्याकडे पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून तीन दिवसांच्या आत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांवर २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले, आणि १३ ऑगस्टला सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मुख्य हिशोबाच्या संगणकापर्यंत पोहोचतच नव्हती. चोरांनी मधल्या मध्ये आपला बनावट दुवा बसविला होता आणि तोच परस्पर ‘पैसे द्या’ असे उत्तर देत होता. एका बाजूने हजारो व्यवहार होत आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या वहीत त्यांची नोंदच नाही. दोन वह्या शेजारी ठेवून कोणी त्याच वेळी ताडून पाहिल्या असत्या तर हा तुटलेला दुवा किती लवकर दिसला असता, याचा प्रत्येकाने विचार करावा.

लहान दुकानदार म्हणेल, आमच्याकडे कोठले कोटी? त्याने हे ध्यानात घ्यावे की चोर आता दुकान निवडून येत नाही. तो उघडे दार शोधत साऱ्या गल्लीतून फिरतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम सुटला. तो याच ४४५ क्रमांकाच्या दारातून एका संगणकातून दुसऱ्यात शिरला आणि त्याने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना कुलूप घातले. त्यात मोठी इस्पितळेही होती आणि किरकोळ दुकानेही. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले आणि आपले कंटेनर तेथे अडकून पडले. २०१६ मध्ये ‘मिराय’ने तर दुकानांत आणि घरांत लावलेले कॅमेरे व त्यांची रेकॉर्डिंगची डबडीच ताब्यात घेतली, कारण त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. चोर पकडण्यासाठी लावलेला कॅमेराच चोराचा नोकर झाला होता आणि मालकाला पत्ता नव्हता.

निर्दोषाचा कागद

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे आणि आपल्या बांधवांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी एक धमकीचा ई-मेल वृत्तवाहिन्यांना गेला. तपास यंत्रणा त्याचा माग काढीत नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचली. इंटरनेटची जोडणी त्याच्या नावावर होती. त्याच्या वायफायला नीट कुलूप नव्हते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरले होते. पण हे सिद्ध होईपर्यंत त्या माणसाची चौकशी चालू राहिली. त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मुंबईतून असेच आणखी ई-मेल दुसऱ्यांच्या जोडण्यांवरून गेले.

यातील कायदेशीर आणि तांत्रिक मुद्दा साधा आहे. दुकानात दहा फोन आणि तीन संगणक एकाच जोडणीवर असले तरी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, तो जोडणी घेणाऱ्याचा. इंटरनेट कंपनी पोलिसांना तुमचे नाव सांगेल. त्या क्षणी त्या जोडणीवर कोणते यंत्र होते हे कंपनीला माहीत नसते. ते फक्त तुमच्या दुकानातील राऊटरला माहीत असते, आणि त्याने नोंद ठेवली असेल तरच. गिऱ्हाइकाला मुरवत म्हणून वायफायचा पासवर्ड देणारे, हॉटेलात तो भिंतीवर लावणारे, शेजारच्या गाळ्याला फुकट जोडणी देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आदरातिथ्य चांगलेच. पण उद्या कोणी दारात येऊन विचारले की अमुक तारखेला रात्री अकरा वाजता तुमच्या जोडणीवर कोण होते, तर ‘आम्हाला काय ठाऊक’ हे उत्तर कितीही खरे असले तरी पुरेसे होत नाही. ‘ही आमची नोंद, दुकान नऊला बंद, आमची तिन्ही यंत्रे बंद, हे चौथे यंत्र आमचे नाही’ असे म्हणता आले तर बोलण्याला वजन येते. ज्या समाजाच्या माणसाला आपले निर्दोषत्व शाबीत करण्यात अनेकदा वर्षे घालवावी लागली आहेत, त्याने तरी कागद जवळ ठेवण्यात कसूर करू नये.

काळ्या पडद्यावरील चार कामे

या नोंदीसाठी महागडे सॉफ्टवेअर लागते, असे विकणारे सांगतात. एका गाळ्याच्या दुकानाला ते लागत नाही. विंडोजच्या प्रत्येक संगणकात एक काळा पडदा दडलेला असतो. खाली शोधाच्या चौकटीत सी, एम, डी ही तीन अक्षरे टंकित केली की तो उघडतो. त्यावर माउस लागत नाही, शब्द लिहून आज्ञा द्यावी लागते.

पहिली आज्ञा नेटस्टॅट. हा शब्द लिहून एक जागा सोडावी, आडवी रेघ द्यावी आणि तिला चिकटून ए, एन, ओ ही तीन अक्षरे लिहावीत. त्या क्षणी संगणक कोणाकोणाशी बोलत आहे आणि कोणते दरवाजे उघडे ठेवून वाट पाहत आहे, याची यादी समोर येते. शेवटच्या रकान्यात त्या प्रोग्रामचा क्रमांक असतो. टास्कलिस्ट ही दुसरी आज्ञा दिली की त्या क्रमांकाचे नाव कळते. हिशोबाचा प्रोग्राम, ब्राउझर, अँटिव्हायरस ही ओळखीची नावे असतात. अनोळखी नाव परदेशी पत्त्याशी सतत बोलत असेल तर चौकशी करावी. अनोळखी म्हणजे लगेच चोर असे नव्हे, विंडोजचे स्वतःचेही पुष्कळ नोकर आडून काम करतात. म्हणूनच सर्व ठीक असतानाची यादी एकदा जपून ठेवावी. चांगला शिक्का ओळखीचा असला तरच खोटा ओळखता येतो.

दुसरे काम घरातील माणसे मोजण्याचे. ए, आर, पी ही तीन अक्षरे, एक जागा, आडवी रेघ आणि ए. आपल्याच जोडणीवरील ज्या यंत्रांशी हा संगणक नुकताच बोलला त्यांची यादी येते. राऊटरच्या पानावर तर सर्व जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. आपली यंत्रे पाच आणि यादीत सात, तर दोन पाहुणे कोण? हल्लीचे मोबाइल आपला यंत्र-क्रमांक बदलून सांगतात, त्यामुळे फोनच्या बाबतीत ही यादी पुरी विश्वासाची नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरे काम लिहून ठेवण्याचे. आज्ञेच्या पुढे उजवीकडे तोंड केलेले दोन बाण देऊन फाइलचे नाव लिहिले की पडद्यावरची यादी त्या फाइलीत जाऊन बसते, आणि जुने न पुसता नवे खाली जोडले जाते. दोनऐवजी एकच बाण दिला तर मात्र जुने सर्व पुसले जाते, तेव्हा सांभाळून. आधी तारीख-वेळ लिहिणारी आज्ञा द्यावी. तारखेवाचून नोंद म्हणजे तारखेवाचून पावती.

चौथे काम चोवीस तासांच्या पहारेकऱ्याचे. नेटस्टॅट हे छायाचित्र आहे. दोन छायाचित्रांच्या मध्ये कोणी येऊन गेला तर तो दिसत नाही. त्यासाठी विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलला नोंद ठेवण्यास सांगावे लागते. ती सोय आत असते पण मुळात बंद असते. नेटशेल या आज्ञेने किंवा फायरवॉलच्या पानावरून ती चालू करता येते. अडविलेले आणि सोडलेले, असे दोन्ही प्रकार लिहिण्यास सांगावे. ही वही मुळात चार हजार किलोबाइटची असते. ती भरली की जुनी म्हणून बाजूला ठेवली जाते, आणि नवी भरली की त्या जुन्या वहीची जागा घेते. म्हणून तिचा आकार वाढवावा आणि दर आठवड्याला प्रत काढून ठेवावी.

याखेरीज कोणी कोणत्या नावाने संगणकात शिरला, कोणाचा पासवर्ड चुकला, हे विंडोज आपल्या घटनांच्या वहीत लिहीत असते. त्या वहीत ४६२५ क्रमांकाची नोंद म्हणजे शिरण्याचा फसलेला प्रयत्न. एका रात्रीत अशा शेकडो नोंदी आढळल्या तर कोणी कुलपाला चाव्या लावून पाहत आहे, असे समजावे. आणि ११०२ क्रमांकाची नोंद दिसली तर ताबडतोब सावध व्हावे. ती नोंद एवढेच सांगते की ही वही कोणीतरी पुसली.

लिनक्स वापरणाऱ्यांकडे एस-एस आणि टीसीपीडम्प या आज्ञा आहेत. त्या अधिक धारदार आहेत. त्यांचा उपयोग जाणकाराने करावा.

‘आमचा संगणकवाला बघतो’

हे सांगितले की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘आमचा संगणकवाला बघतो.’ तो बघत नाही. तो बिघाड झाल्यावर येतो. शिवाय हिशोबनीस आणि दुरुस्तीवाले दूर बसून आपला संगणक चालवितात, त्यासाठी एनीडेस्कसारखे प्रोग्राम कायमचे चालू ठेवलेले असतात आणि त्याचा पासवर्ड दुकानाचाच फोन नंबर असतो. ते प्रामाणिक असतीलच. पण त्यांनी कधी ये-जा केली याची नोंद त्यांच्यापाशी नको, मालकापाशी हवी. किल्ली दिली म्हणून रजिस्टर बंद करीत नाहीत.

दुसरे उत्तर, ‘अँटिव्हायरस घेतला आहे.’ अँटिव्हायरस म्हणजे ओळखीच्या बदमाशांचे फोटो घेऊन उभा असलेला शिपाई. खऱ्या पासवर्डाने शिरणाऱ्याला तो सलाम ठोकून आत सोडतो. तिसरे उत्तर, ‘वेळ कोठे आहे?’ आठवड्यातून अर्धा तास. रोकड मिळविण्यास रोज त्याहून अधिक वेळ जातो.

आता यात कायदाही आला आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात कंपन्या व सेवा देणाऱ्या संस्थांनी आपल्या संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवावीत आणि घुसखोरीची वर्दी सहा तासांच्या आत द्यावी, असे सांगितले आहे. लहान व मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, ती केव्हाच संपली. त्याचप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कोणती नोंद कधी बदलली याचा माग ठेवणे सक्तीचे झाले आहे. आपली पेढी यात कोठवर बसते हे प्रत्येकाने आपल्या सनदी लेखापालास विचारून घ्यावे. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे समजण्यास लेखापाल लागत नाही.

नोंद ठेवा, पाळत नको

येथे एक रास्त शंका घेतली जाईल. ही नोंद म्हणजे नोकरांवर हेरगिरी नव्हे काय? शंका योग्य आहे. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकत फिरण्यास, ज्याला तजस्सुस म्हणतात, आपल्या दीनमध्ये स्पष्ट मनाई आहे. सूरह हुजुरातमध्ये ती आली आहे. टीसीपीडम्पसारखे हत्यार हाती आले की न उघडायचे लखोटे उघडण्याचा मोह होतो. कोणता कारागीर दुपारच्या सुटीत फोनवर काय पाहतो, घरी काय बोलतो, हे पाहण्यासाठी ही वही नाही. तसा तिचा वापर करणारा मालक चोर पकडणार नाही, फक्त माणसे गमावील. चांगला नक्षीकाम करणारा किंवा जॉबर एकदा गेला की मिळत नाही.

म्हणून मर्यादा आधीच आखून घ्यावी. दुकानाच्या यंत्रांची नोंद ठेवावी, कारागिरांच्या फोनसाठी वेगळी जोडणी द्यावी. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी अशी वेगळी सोय असतेच. पत्ता, दार आणि वेळ एवढेच लिहावे, मजकूर टिपू नये. आणि नोंद ठेवली जाते हे सर्वांना उघडपणे सांगावे, भिंतीवर लिहून लावावे. फाटकावरचे रजिस्टर सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून त्यात कोणाला अपमान वाटत नाही. लपवून ठेवलेली वही म्हणजे हेरगिरी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांचाही रोख हाच आहे की दुसऱ्याची माहिती ही आपल्याकडे अमानत आहे. गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर आपल्या संगणकातून चोरीस गेला तर अमानतीत खयानत झाली, मग चोर कोणीही असो. त्या अमानतीच्या राखणीसाठी नोंद हवी, आणि त्याच अमानतीच्या जाणिवेने नोंदीला लगाम हवा.

बाजारपेठांच्या संघटनांनी काय करावे?

एकट्या दुकानदाराला हे जड वाटेल, हे आम्ही जाणतो. काळा पडदा आणि इंग्रजी अक्षरे पाहून हात आखडतो. पण आपल्याच मोहल्ल्यात आय.टी.आय. आणि संगणकाचा डिप्लोमा झालेली मुले-मुली कामाच्या शोधात आहेत. वीस-पंचवीस दुकानांनी मिळून अशा एकाला किंवा एकीला कामावर ठेवावे. आठवड्यातून एकदा प्रत्येक दुकानात जाऊन वहीची प्रत काढणे, उघडी दारे तपासणे, अनोळखी नावे मालकाला दाखविणे, एवढेच काम. प्रत दुकानाच्या संगणकात न ठेवता वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. स्टोल यांची छापयंत्रे वेगळी होती म्हणून चोर सापडला, हे विसरू नये. व्यापारी मंडळे रस्त्याच्या दिव्यांसाठी आणि रात्रीच्या गुरख्यासाठी वर्गणी काढतातच. त्याच पावतीपुस्तकात ही एक ओळ वाढवावी.

आणि दुर्दैवाने घात झालाच, तर घाबरून संगणक पुसून टाकू नये. बहुतेक जण पहिली चूक हीच करतात. दुरुस्तीवाला येतो, सर्व साफ करून नवे विंडोज भरतो, आणि त्याबरोबर पुरावाही साफ होतो. इंटरनेटची तार काढावी, संगणक तसाच ठेवावा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडविण्याची शक्यता असते. त्या वेळी पोलीस पहिला प्रश्न विचारतील तो हाच, की नोंद आहे का?

आपल्या वाडवडिलांनी लाल कापडाच्या वहीत पै-पैची नोंद ठेवली आणि त्या वहीच्या जोरावर परगावच्या पेढ्यांनी त्यांच्या शब्दावर माल दिला. पत ही मुळात नोंदीची पत असते. वही संगणकात गेली म्हणून ती पत आपोआप तिच्याबरोबर गेली असे नाही. येत्या रविवारी दुकान उघडल्यावर अर्धा तास काढावा, काळा पडदा उघडावा आणि पहिली यादी तारखेसह कागदावर छापून घ्यावी. पुढच्या रविवारी दुसरी यादी तिच्या शेजारी ठेवून ताडून पाहावी. धंद्यात हिशोब असाच मिळवितात.